स्टीम शॉवर बसवताना: मशीनच्या आधी भिंतींचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाथरूमच्या कोपऱ्यात पाच फूट बाय चार फुटांचा शॉवर आहे, उंची आठ फूट. दोन बाजूंना भिंती, उरलेल्या दोन बाजूंना काच लावायची आहे. वॉटरप्रूफिंग आधीच झालेलं आहे, भिंतींना संगमरवर लावायचा ठरला आहे, आणि वाफ तयार करणारं 3 किलोवॅटचं मशीन पुरेल असं विक्रेत्याने सांगितलं आहे. आता मशीन आणून जोडणं तेवढं राहिलं आहे, तर ते घ्यावं का?

आत्ता घेऊ नका. 3 किलोवॅट या जागेला अपुरं पडेल, ते पुढे आकड्यांनिशी दाखवतो. पण मशीन लहान निघालं तर बदलता येतं. मला काळजी वाटली ती तुमच्या दुसऱ्याच वाक्याची: "वॉटरप्रूफिंग झालेलं आहे." बिघडलेले जे स्टीम शॉवर मी उकलून पाहिले आहेत, त्यांतले बहुतेक याच वाक्याच्या भरवशावर उभे राहिले होते.

शॉवरचं पाणी भिंतीवर पडतं आणि खाली उतरतं. त्याला अडवायला सिमेंट-पॉलिमरच्या लेपाचे दोन हात पुरतात, तेही शॉवरच्या तोटीच्या उंचीपर्यंत. वाफ वर चढते, छताला भिडते आणि मिळेल त्या फटीतून बाहेर पडू पाहते. स्टीम चालू असताना आतली हवा 43 अंशांच्या आसपास असते आणि आर्द्रता 100 टक्के. अशा हवेतल्या बाष्पाचा दाब साधारण साडेआठ किलोपास्कल भरतो. शेजारच्या खोलीत 25 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता धरली, तर तिथला बाष्पदाब दीड किलोपास्कलच्या जरासा वर असतो. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना पाचपटीचा फरक पडला की बाष्प त्या भिंतीतून पलीकडे जायला बघणारच, आणि गिलावा, विटा, टाइलच्या फटींतलं सिमेंटचं ग्राउट यांतून त्याला वाट असतेच. भिंतीच्या पोटात थंड थर लागला की तिथे त्याचं पाणी होतं. ते दिसत नाही, पुसता येत नाही आणि वाळायला त्याला जागाही नसते.

यात गोंधळ होतो तो असा. सिमेंटवर आधारलेले बरेच लेप पाणी अडवतात, पण बाष्प जाऊ देतात. साध्या बाथरूममध्ये तो गुणच आहे, कारण भिंतीत अडकलेली ओल त्यातून बाहेर पडते. स्टीमच्या जागेत तोच गुण नडतो. थरातून बाष्प किती झिरपतं ते 'पर्म' या एककात मोजतात, आणि स्टीमसाठी 0.5 पर्म किंवा त्याहून कमी असलेला थर लागतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं, त्यावरून काहीच कळत नाही. त्या मालाचं तांत्रिक माहितीपत्रक मागवा, त्यात बाष्पाच्या झिरपण्याचा आकडा शोधा. आकडाच दिलेला नसेल तर तो माल स्टीमसाठी नाही असं धरून चाला.

एका घरातलं काम अजून डोळ्यांसमोर आहे. स्टीम शॉवर बसून दीड वर्ष झालं होतं. मला बोलावलं होतं ते बेडरूममधल्या कपाटातून कुबट वास येतो म्हणून. बाथरूमबद्दल त्या कुटुंबाची काहीच तक्रार नव्हती. कपाट शॉवरच्या पाठच्या भिंतीला लागून होतं. ते पुढे ओढलं तर मागची प्लायची फळी तळापासून चार बोटं फुगलेली, नख लावलं की थर सुटत होते. भिंतीवर हात ठेवला तर कोमट आणि दमट लागली. रंगाचे पोपडे आले होते, आणि ते खरवडले की खाली पांढरा, पिठासारखा लोणा. शॉवरच्या आत मात्र एकही टाइल हललेली नव्हती, ग्राउटला भेग नव्हती. तळात पाणी भरून 24 तास ठेवलं तरी एक थेंब खाली उतरला नाही. शेवटी वरच्या बाजूची एक टाइल काढली तेव्हा उलगडा झाला: लेप जमिनीपासून सहा फुटांवर थांबला होता आणि त्याच्या वर नुसता गिलावा होता. छताला जिप्सम बोर्ड लावलेला, तो दाबला तर अंगठा आत गेला. सगळा शॉवर विटेपर्यंत काढावा लागला. ज्या मिस्त्रीने ते काम केलं होतं त्याने साध्या शॉवरचं काम चोख केलं होतं. तिथे पुढे स्टीम येणार आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून आधी या गोष्टींची उत्तरं मिळवा: तुमच्याकडे कोणता लेप लावला आहे, तो कुठल्या उंचीपर्यंत आहे, छतावर आहे का, आणि बसायचा कट्टा किंवा भिंतीतला कोनाडा करणार असाल तर त्यांच्या सगळ्या बाजू त्यात येतात का. एकाचंही उत्तर खात्रीने मिळालं नाही तर थर नव्याने करा. अजून संगमरवर लागलेला नाही, त्यामुळे आज हे काम दोन-तीन दिवसांचं आहे.

थर टाइलच्या लगेच मागे हवा, गिलाव्याच्या पाठीमागे खोलवर नको. मागे असला तर मधला गिलावा रोज बाष्प पिऊन बसतो. दोन पद्धती मला पटतात. एक, दोन्ही बाजूंना लोकरीसारखं कापड असलेली पॉलिथिलीनची शीट, जी टाइलच्या चिकटवणीनेच भिंतीला बसते. हिचे जोड किमान दोन इंच एकमेकांवर चढवायचे आणि कोपऱ्यांना तयार पट्ट्या लावायच्या. दुसरी, कमी पर्मचा इपॉक्सी किंवा तसा द्रव लेप. यात जाडी हेच सर्वस्व आहे. कंपनीने जेवढी जाडी सांगितली आहे तेवढी झाली की नाही हे ओल्या लेपात जाडीमापक कंगवा टेकवून जागोजागी बघावं लागतं. ब्रशने पातळ ओढलेला लेप दिसायला सारखाच दिसतो, पण बाष्प अडवत नाही. शॉवरचा पाइप, वाफेचा पाइप, सेन्सरची वायर अशा जिथे जिथे भिंतीतून काही बाहेर येतं, तिथे रबरी कॉलर हवी. गळती समपातळ भिंतीतून फारशी होत नाही, ती या भोकांभोवती आणि कोपऱ्यांतच होते.

तुमच्या दोन भिंतींपैकी एखादी घराची बाहेरची भिंत असेल तर तिच्यावर आतून एक्सपीएसचा, म्हणजे दाट फोमचा, उष्णतारोधक बोर्ड लावून मग हा थर करा. भिंत थंड राहिली तर मशीन कितीही मोठं असलं तरी दमतं. आणि एक जपा: भिंतीत आधीच मागे एखादा प्लास्टिकचा थर असेल तर पुढे दुसरा करण्याआधी तो काढता येतो का बघा. दोन थरांमध्ये अडकलेली ओल कुठेच जाऊ शकत नाही.

जिप्सम बोर्ड, प्लाय, एमडीएफ यांतलं काहीही या चौकोनात नको, छतालाही नको. छतासाठी सिमेंट बोर्ड, गंज न धरणाऱ्या स्क्रूने बसवलेला, आणि त्याच्यावर तोच बाष्परोधक थर.

छताला उतार द्या. सपाट छतावर वाफेचं पाणी होतं, थेंब लोंबतात आणि डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या मानेवर पडतात. उतार असला की तेच पाणी छताला चिकटून भिंतीकडे सरकतं आणि भिंतीवरून खाली जातं. दर फुटाला दोन इंच उतार धरतात. तुमच्याकडे चार फुटांच्या बाजूने उतार दिला तर एका टोकाला आठ फूट आणि दुसऱ्या टोकाला सात फूट चार इंच उंची येईल. खालची बाजू कट्ट्याच्या समोरच्या भिंतीकडे ठेवा. यात आतली जागाही सहा-सात घनफुटांनी कमी होते, म्हणजे मशीनचं ओझं तेवढं हलकं. आठ फुटांहून उंच छत तर कधीच ठेवू नका, कारण गरम वाफ वर साठते आणि कट्ट्यावर बसलेल्या माणसाचे पाय गारच राहतात.

आता संगमरवराकडे येतो. तुमचं मन त्यावर बसलं असेल, पण हा हिशोब एकदा बघा.

तुमच्या शॉवरमध्ये साधारण साडेचार घनमीटर हवा आहे. तिचं वजन पाच किलोच्या थोडं वर. ती 20 अंशांनी तापवायला 6 किलोवॅटच्या मशीनला वीस सेकंदही लागत नाहीत. ती हवा बाष्पाने पूर्ण भरायला साधारण पाव किलो पाण्याची वाफ पुरते, त्याला फार तर दोन मिनिटं. मग स्टीम भरायला पंधरा-वीस मिनिटं का लागतात? कारण वाफ थंड भिंतीला लागली की तिचं पाणी होतं आणि तिच्यातली उष्णता भिंत घेते. भिंत तापेपर्यंत हवेत काही टिकत नाही. तुमच्या दोन भिंतींचं क्षेत्रफळ साडेसहा चौरस मीटरच्या आसपास आहे. त्यावर 20 मिलिमीटर जाडीचा संगमरवर म्हणजे जवळपास 350 किलो दगड. तो 20 अंशांनी तापवायला 6 किलोवॅटच्या मशीनला सतरा मिनिटं लागतील, आणि यात जमीन, छत, काच, दगडामागची भिंत काहीच धरलेलं नाही. त्याच जागी 10 मिलिमीटरची पोर्सिलीन टाइल लावली तर वजन 150 किलोच्या आसपास येतं आणि वेळ सात मिनिटांवर. 3 किलोवॅटच्या मशीनला हेच आकडे दुप्पट होतात. संगमरवर तापवण्यातच अर्धा तास जाईल आणि तेवढ्यात काचेतून उष्णता बाहेर जातच राहील. तुम्ही आत बसून वाट बघत राहाल.

दगडाचे आणखीही त्रास आहेत. संगमरवर पाणी शोषतो, आणि त्यात लोहाचा अंश असेल तर काही महिन्यांत आतून पिवळट-तपकिरी डाग उमटतात. ते घासून जात नाहीत. काही हिरवे दगड पाण्याच्या चिकटवणीवर बसवले की कडांनी वळतात. शिवाय क्षार काढायला आम्लाचा हात मारावा लागला तर संगमरवराची चमक तिथल्या तिथे जाते. पोर्सिलीन टाइलचं पाणी शोषण 0.5 टक्क्याहून कमी असतं, आणि संगमरवरासारखी दिसणारी पोर्सिलीन आता सहज मिळते. मी माझ्या घरात तीच लावली असती. तरीही दगडच हवा असेल तर एका भिंतीला, जिथे थेट वाफ येत नाही तिथे, पातळ लावा. बाकी सगळं पोर्सिलीन. जमिनीला लहान तुकडे घ्या, पाय घसरत नाहीत. ग्राउट इपॉक्सीचं. कोपऱ्यांत, म्हणजे भिंत-भिंत, भिंत-जमीन, भिंत-छत जिथे मिळतात तिथे, ग्राउट भरू नका, सिलिकॉन भरा. हा भाग रोज तापतो आणि थंड होतो; तिथे कडक ग्राउट वर्षभरात तडकतं. टाइलच्या पाठीवर चिकटवण पूर्ण पसरलेली हवी, ठिपके ठिपके देऊन बसवलेली टाइल इथे चालत नाही, कारण मागच्या पोकळीत पाणी साठतं.

मशीनचा आकार आता सहज निघतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, मग पृष्ठभाग बघून वाढ. उतार धरून तुमची जागा 153 घनफूट आहे. पोर्सिलीन आणि दोन बाजू काच म्हणून दहा-पंधरा टक्के वाढवले तर 170 ते 175. संगमरवर असेल तर त्यासाठी मी सुमारे तिसरा हिस्सा वाढवतो, वर काचेचे वेगळे, म्हणजे 225 च्या पुढे. बाहेरची भिंत असेल तर आणखी थोडी भर. बनवणाऱ्यांचे तक्ते एकमेकांपेक्षा थोडे पुढेमागे असतात, पण तुमच्या जागेला पोर्सिलीनमध्ये 6 ते 7.5 किलोवॅट आणि संगमरवरात 9 किलोवॅट असंच उत्तर येईल. अंतिम निवड ज्या कंपनीचं मशीन घ्याल तिच्याच तक्त्यावरून करा. 3 किलोवॅटची मशीन असतात, पण ती अ‍ॅक्रिलिकच्या छोट्या तयार केबिनसाठी. पातळ अ‍ॅक्रिलिक उष्णता पीत नाही, म्हणून तिथे ती पुरतात. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर वरचं घ्या. दुप्पट मोठं मात्र घेऊ नका. ते एकदम वाफ ओततं, तापमान गाठून बंद पडतं, मग आत गार होतं, पुन्हा ओततं. वाफ संथ आणि सलग यायला हवी.

मशीन ठेवायची जागा आजच ठरवा. ते स्टीमच्या चौकोनात नको, उघड्या हवेतही नको. बाथरूममधलं कपाट, शेजारची कोठी, काहीही चालेल, पण माणसाचा हात आणि पाना पोचला पाहिजे. मशीन छतात चढवून वर बोर्ड बंद केला की दोन वर्षांनी कॉइल बदलायला छत फोडावं लागतं. खाली निचरा असलेला एक ट्रे ठेवा. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला पाइप लावून तो जमिनीकडे वळवा, कारण तो कधी उघडला तर त्यातून उकळती वाफ येते आणि समोर कुणाचा चेहरा असू शकतो.

वाफेचा पाइप तांब्याचा. प्लास्टिकचा कुठलाही प्रकार इथे चालत नाही, सीपीव्हीसीसुद्धा नाही. पाइपमध्ये कॉक बसवायचा नाही. पाइपला पोट पडू द्यायचं नाही, म्हणजे मध्येच खाली जाऊन पुन्हा वर येणारं वळण नको. तिथे पाणी साठतं, वाफ त्यातून धक्के देत जाते, पाइप ठोकल्यासारखा आवाज येतो आणि तोंडातून उकळतं पाणी उडतं. सगळा पाइप एकाच दिशेने उतरता ठेवा, एकतर मशीनकडे किंवा वाफेच्या तोंडाकडे, आणि पूर्ण लांबीला उष्णतारोधक नळी चढवा. वाफेचं तोंड जमिनीपासून सहा ते बारा इंचांवर, कट्ट्यापासून दूर, आणि बसलेल्या माणसाच्या पोटऱ्यांकडे न रोखलेलं. या तोंडाशी वाफ 100 अंशांना निघते. लहान मुलं घरात असतील तर त्यांना ते पहिल्या दिवशी दाखवून ठेवा.

मशीन धुऊन निघणारं पाणीही जवळजवळ उकळतं असतं. ते थेट पीव्हीसीच्या निचऱ्यात सोडलं तर पाइप मऊ पडतो आणि जोड सुटतो. निचऱ्याचा सुरुवातीचा भाग तांब्याचा करा, किंवा पाणी निवल्यावरच सोडणारं मशीन घ्या.

वीज. 230 व्होल्टवर 6 किलोवॅट म्हणजे 26 अँपिअर, 9 किलोवॅट म्हणजे 39. गिझरच्या पॉइंटवर हे कधीही जोडायचं नाही. वितरण पेटीपासून स्वतंत्र केबल, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारी कळ), आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ) असलीच पाहिजे. 6 किलोवॅटला साधारण 6 चौरस मिलिमीटरची आणि 9 ला 10 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल लागते. अंतर जास्त असेल किंवा केबल बंद झिरीतून जात असेल तर इलेक्ट्रिशियन माप वाढवेल. तीन फेजचं मशीन मिळत असेल आणि घरात तीन फेज असतील तर भार वाटला जातो, 9 किलोवॅटला फेजमागे 13 अँपिअर. मीटरचा मंजूर भार किती आहे हे आधी बघा. तो कमी पडत असेल तर वाढवून घ्यायला वेळ लागतो, आणि टाइल बसून गेल्यावर केबलसाठी भिंत खोदायची वेळ येते. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच. अर्थिंग मोजून घ्या, नुसती हिरवी वायर दिसली म्हणून समाधान मानू नका.

पाण्याचा विषय लोक सोडून देतात आणि मशीन त्यामुळेच मरतात. 6 किलोवॅटचं मशीन तासाला आठ लिटरच्या आसपास पाणी वाफेत घालवतं, म्हणजे वीस मिनिटांच्या एका वेळेला पावणेतीन लिटर. वाफ शुद्ध पाण्याची असते. क्षार टाकीतच राहतात. पाण्याचा कठीणपणा लिटरला 400 मिलिग्रॅम असेल तर दर वेळी ग्रॅमभर चुना मागे राहतो. रोज वापरलं तर वर्षाला 400 ग्रॅम, आणि तो सगळा एका छोट्या टाकीत, तापणाऱ्या कॉइलवर. मी उघडलेल्या एका टाकीत कॉइल दिसतच नव्हती, बोटभर जाड पांढरा थर होता आणि त्याला मध्यावर चीर पडून आतून जळका धातू दिसत होता. म्हणून मशीन घेताना प्रत्येक वापरानंतर टाकी आपोआप रिकामी करणारं घ्या. हे ज्यात नाही ते स्वस्त पडलं तरी घेऊ नका. पाणी कठीण असेल तर आधी सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कठीणपणा कमी करणारं यंत्र, लावा, आणि काही महिन्यांनी सायट्रिक आम्लाने टाकी धुवा. किती महिन्यांनी ते पुस्तिकेत पाण्याच्या कठीणपणानुसार दिलेलं असतं.

इथे एक अगदी उलटी चूकही होते. काळजी घ्यायची म्हणून काही जण आरओचं पाणी जोडतात. बऱ्याच मशीनमध्ये पाण्याची पातळी दोन धातूच्या कांड्यांनी कळते. पाण्यातून बारीक प्रवाह वाहिला की पाणी पोचलं असं मशीन समजतं. आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की प्रवाह वाहत नाही, मशीनला टाकी रिकामीच वाटते. मग ते पाणी भरत राहतं किंवा चूक दाखवून बंद पडतं. सॉफ्टनर चालतो, आरओ नको.

दार, त्याच्या वरच्या काचेसह, छतापर्यंत हवं, आणि चारी कडांना गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पट्टी. 8 ते 10 मिलिमीटरची टफन काच. ते बाहेर उघडलं पाहिजे आणि त्याला आतून कडी नको. आत कुणाला भोवळ आली आणि तो दाराला टेकून पडला तर आत ढकलायचं दार उघडत नाही. दाराच्या वर काचेची एक झडप ठेवा, जी तिरकी उघडता येईल. स्टीम नसेल तेव्हा ती उघडी ठेवली की आतलं वाळतं, आणि नुसता शॉवर घेताना गुदमरल्यासारखं होत नाही. एक्झॉस्ट पंखा स्टीमच्या चौकोनात नको, बाहेर बाथरूममध्ये हवा.

कट्टा 17 ते 19 इंच उंच, वर नहाणीकडे, म्हणजे जमिनीतल्या निचऱ्याच्या तोंडाकडे, किंचित उतार, फुटाला पाव इंच. जमिनीलाही तेवढाच. दिवे आयपी65 (धूळ-पाणी आत न जाऊ देण्याचा दर्जा) किंवा त्याहून वरचे, 12 व्होल्टचे, आणि त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर बाहेर.

तापमानाचा सेन्सर जमिनीपासून चार-पाच फुटांवर, वाफेच्या तोंडाच्या वर नको आणि दाराजवळही नको. तोंडाच्या वर बसवला तर त्याला लगेच 45 अंश दिसतात आणि मशीन बंद पडतं, तेव्हा तुम्ही कट्ट्यावर थंडीतच असता. हे इतक्या घरांत पाहिलं आहे की मी टाइल लागण्याआधी स्वतः भिंतीवर पेन्सिलीने खूण करतो.

वापराबद्दल थोडं, कारण हा प्रश्न मला नंतर हमखास विचारतात. 40 ते 45 अंश पुरे, दहा ते पंधरा मिनिटं. सॉनात तापमान 80-90 असतं आणि तिथे माणूस बसतो, मग 45 म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण सॉनाची हवा कोरडी असते, घाम उडून अंग थंड राहतं. स्टीममध्ये घाम उडतच नाही, उलट वाफ अंगावर पाणी होऊन अंगाला आणखी उष्णता देते. म्हणून 45 ला शरीर लवकर तापतं. गरोदर बाई, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेली माणसं, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत बसू नये. दारू घेऊन तर कुणीच नाही. लहान मुलांना एकटं सोडू नये. आधी आणि नंतर पाणी प्यावं, उठताना सावकाश उठावं, चक्कर येते. मशीनला स्वतःहून बंद होणारा टायमर हवा आणि तो वीस मिनिटांच्या पुढे लावू नका. झाल्यावर भिंती आणि काच वायपरने ओढून घ्या, दार आणि झडप उघडी ठेवा, बाहेरचा पंखा लावा.

काम करताना क्रम जपा: पाइप आणि केबल, गिलावा आणि उतार, बाष्परोधक थर, मग नहाणी बंद करून तळात 24 तास पाणी, मग टाइल, ग्राउट, सिलिकॉन, काच, आणि सगळ्यात शेवटी मशीन. इपॉक्सी ग्राउट आणि सिलिकॉन पूर्ण पक्कं होईपर्यंत स्टीम लावायची नाही. घाई केली तर ते जोड कायमचे कच्चे राहतात. थर झाल्यावर, टाइल लागण्याआधी, प्रत्येक कोपऱ्याचे आणि प्रत्येक कॉलरचे फोटो काढून ठेवा.

पहिल्यांदा स्टीम लावाल तेव्हा आत बसू नका. मशीन वीस मिनिटं चालू द्या आणि तुम्ही बाहेरून फिरा. मशीनपाशी पाइपचे जोड बघा, दाराच्या कडांना हात फिरवा, वरच्या मजल्यावर किंवा छतावर जाता येत असेल तर तिथे जा. मग शॉवरच्या पाठच्या खोलीत जाऊन त्या भिंतीवर तळहात ठेवा, जमिनीपासून वर छतापर्यंत, कोपऱ्यांत जरा जास्त वेळ. थोडी कोमट लागली तर चालेल. महिनाभर रोज वापरल्यावर पुन्हा तसाच हात फिरवा. ती कोरडी लागेपर्यंत त्या भिंतीला कपाट टेकवू नका.